एकनिष्ठ माणसाच्या चार वह्या

बायको: मी काय म्हणते, गोळी घेतल्यावर वाकता येतं म्हणजे कंबर बरी झाली असं नव्हे. भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं म्हणून चोर घरी जात नाही.

वाकुई: अगं, दुकानात आलोय आपण. घरचं घरी बोल.

बायको: घरी ऐकता का? ऐकत नाही म्हणूनच दुकानात बोलते. निशिगाकीबाई, यांची चिठ्ठी घ्या, पण गोळ्या द्यायच्या आधी माझं ऐका. आणि त्याच्याही आधी मला बसू द्या.

निशिगाकी: बसा वहिनी, ती खुर्ची ओढून घ्या. या वाकुईसान. समोरून, तानिमुरा डॉक्टरांकडूनच आलात ना? चिठ्ठी नेहमीचीच दिसतेय. दुखण्याची गोळी दिवसातून तीनदा, खाल्ल्यावर. पोट सांभाळायची एक. कमरेला लावायच्या पट्ट्या. औषधांची वही आणलीय?

वाकुई: सहा वर्षांत कधी विसरलोय? ही घ्या.

निशिगाकी: नाही, वहीच्या बाबतीत तुमच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. एकही पान दुमडलेलं नाही. मी बाकीच्यांना तुमचं उदाहरण देते.

बायको: कोणती वही?

वाकुई: हीच. दुसरी कोणती असणार?

बायको: निशिगाकीबाई, ते उदाहरण आजपासून बंद करा. ही बघा पिशवी. ही निळी, हृदयवाल्या कोमोरिया डॉक्टरांची. ही फुलाफुलांची, दातवाल्या एगुचींची. तुमच्या हातात आहे ती हाडवाल्या तानिमुरांची. पूर्वजांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असतात तिन्ही, प्रत्येकीला वेगळा रेशमी रुमाल. सासूबाईंचं सगळं आयुष्य एका रुमालात गुंडाळून ठेवलंय आमच्याकडे, पण डॉक्टरांना तीन.

निशिगाकी: वाकुईसान, ही वही माणशी एक असते.

वाकुई: ते ज्यांना एकच डॉक्टर आहे त्यांचं झालं.

निशिगाकी: उलट. एकच डॉक्टर असेल तर वही कशाला हवी? आपण काय दिलं ते त्याला माहीत असतंच. ज्यांना अनेक आहेत त्यांच्याचसाठी ही काढली.

वाकुई: बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण कारागिराची रीत तुम्हाला ठाऊक नाही. बेचाळीस वर्षं मी तातामीच्या चटया शिवल्या. या गावातल्या निम्म्या घरांत लोक माझ्या चटयांवर झोपतात. एका कारागिरासमोर दुसऱ्याची शिवण नेऊन टाकायची नसते. तानिमुरांच्या टेबलावर कोमोरियांच्या गोळ्यांची यादी ठेवायची म्हणजे काय? ‘तुम्ही एकटे मला पुरत नाही’ असं तोंडावर सांगायचं. माझ्याने नाही होत.

निशिगाकी: म्हणजे सहा वर्षं मी दर महिन्याला विचारत होते, ‘आणखी कुठलं औषध चालू आहे का?’ आणि तुम्ही दर महिन्याला म्हणत होता...

वाकुई: ‘नाही.’ तुमचाही मान राखायला नको?

निशिगाकी: आभारी आहे. इतका मान मला आजवर कोणी दिला नव्हता.

बायको: अहो, मान राखण्यात यांचा हात कोण धरेल? कोमोरियांकडे जायचं असलं की कमरेवरची पट्टी सोलून जातात, तिचा वास त्यांना येऊ नये म्हणून. सोलायची कोणी? मी. केसांसकट निघते. तोंडातून ‘हूं’ नाही. एकनिष्ठ माणूस.

निशिगाकी: ती निळी वही द्या इकडे. ... वाकुईसान, ही रोज सकाळची गोळी रक्त पातळ ठेवणारी आहे. तीन वर्षं चालू आहे.

वाकुई: ती एवढीशीच आहे. तिला कशाला मोजायचं.

निशिगाकी: विंचूही एवढासाच असतो. ही गोळी रक्त गोठू देत नाही. हृदयासाठी तेच हवंय. पण तानिमुरांची गोळी कंबर शांत करते तेव्हा पोटाचं अस्तरही हळूहळू खरवडते. एक भिंत पोखरते आणि दुसरी गवंड्याला सुट्टी देते. कोमोरियांना ती माहीत असती तर ते तानिमुरांशी बोलले असते. तानिमुरांना ही माहीत असती तर त्यांनी दुसरं काही दिलं असतं. एकाच्या दवाखान्यातून दुसऱ्याच्या दवाखान्यात चालत जायला किती वेळ लागतो?

बायको: सात मिनिटं. यांना अकरा.

निशिगाकी: आणि ही फुलाफुलांची... एगुचींनी मे महिन्यात दाढ काढली. ‘दुखल्यास घ्यावी.’ ही तानिमुरांच्या गोळीची सख्खी बहीण. संपल्या का या?

वाकुई: दाढ दुखायची थांबली. मग मी त्या गुडघ्यासाठी घेतल्या. दातवाल्याची गोळी गुडघ्याला चालते हे त्या एगुचीलाही माहीत नसेल.

निशिगाकी: वा. आता मला सांगा, तानिमुरांची गोळी तुम्ही केव्हा घेता?

वाकुई: पहाटे पाचला. सरावाच्या आधी.

निशिगाकी: काय खाऊन?

वाकुई: पाचला कोण खातं? जवाचा थंड चहा पितो घोटभर.

निशिगाकी: आणि पोट सांभाळायची?

वाकुई: ती मी घेत नाही. पोटाची माझ्या कधी तक्रार नाही.

बायको: बिस्किटांच्या डब्यात साठवतात. वर्षभराच्या झाल्यात. मी परवा बिस्किट समजून पाहुण्यांपुढे उघडला डबा.

निशिगाकी: सराव कशाचा म्हणालात?

बायको: गेटबॉलचा हो. लाकडी हातोडीने चेंडू ढकलून कमानीतून काढायचा, आणि निघाला की टोप्या उडवायच्या. यांच्या संघातला सगळ्यात तरुण गडी एकाहत्तरचा आहे. हे कप्तान. गुरुवारी उन्हात कमान लावता लावता खाली बसले.

वाकुई: बसलो.

बायको: बसले म्हणजे पडले.

वाकुई: ऊन होतं.

बायको: ऊन सगळ्या मैदानावर होतं. पडलात तुम्ही एकटे.

निशिगाकी: उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? ... वाकुईसान, तुम्हाला विचारतेय. कमरेच्या पिशवीत हात घालून काय चाचपताय?

वाकुई: काही नाही. डबी.

निशिगाकी: दाखवा. ... ही गुलाबी गोळ्यांची पट्टी माझ्या दुकानातली. ही पांढरी माझी नाही. वर शिक्का नदीपलीकडच्या दुकानाचा आहे.

वाकुई: असेल.

बायको: नदीपलीकडे आपलं कोण आहे?

वाकुई: कोणी नाही.

निशिगाकी: या औषधाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. डॉक्टर कोण?

वाकुई: ... कोकुबो.

बायको: कोकुबो कोण?

वाकुई: हाडांचे डॉक्टर आहेत.

बायको: हाडांचे तर तानिमुरा आहेत.

वाकुई: हेही आहेत.

बायको: कधीपासून?

वाकुई: मार्चपासून.

बायको: म्हणजे मार्चपासून दर दुसऱ्या मंगळवारी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून ‘पुलापर्यंत फिरून येतो’ म्हणता, ते... तरुण आहे का?

वाकुई: असेल पस्तिशीचा.

बायको: बघा. आणि वही? त्याचीही असेल ना? काढा. डावा कप्पा चाचपताय मघापासून. ... ही घ्या निशिगाकीबाई, चौथी. हिला रुमाल नाही हो. हिचं लग्न व्हायचंय अजून.

निशिगाकी: वाकुईसान, पांढरी गोळी आणि गुलाबी गोळी हे एकच औषध आहे. कारखाने दोन, रंग दोन, औषध एक.

वाकुई: नाव वेगळं आहे की.

निशिगाकी: जुळ्या भावांचीही नावं वेगळी ठेवतात. या दिवसाला किती घेता?

वाकुई: पांढऱ्या रोजच्या नाहीत. फक्त सरावाच्या दिवशी, तीन.

निशिगाकी: सराव कधी असतो?

वाकुई: रोज.

निशिगाकी: म्हणजे सहा. दुप्पट उत्साहाने, रिकाम्या पोटी. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची गरज का पडली?

वाकुई: गोळ्या पुरत नव्हत्या. मी दर सोमवारी मोजून डबीत भरतो. माझी मोजणी चुकत नाही. दोरीचा एक टाका चुकला तर चटई फेकून देणारा माणूस मी. पण शुक्रवार आला की दोन कमी, कधी तीन कमी. म्हटलं, वय झालं, आपणच जास्त घेतल्या असतील आणि विसरलो असू. तानिमुरांकडे जास्त मागायच्या म्हणजे माणूस हावरा दिसतो. म्हणून गेलो पुलापलीकडे.

बायको: ... ते राहू द्या. ते काळ्याचं सांगा बाईंना.

वाकुई: दुकानात?

बायको: मी सांगते मग. शनिवारी हे संडासातून बाहेर आले आणि म्हणाले, समुद्री शेवाळाची भाजी जरा जास्त झाली वाटतं. निशिगाकीबाई, शेवाळाची भाजी आमच्याकडे पंधरा दिवसांत झालेली नाही.

निशिगाकी: काळं म्हणजे कसं? डांबरासारखं, चिकट? नेहमीपेक्षा वेगळाच उग्र वास?

वाकुई: ... तसंच म्हणावं लागेल.

निशिगाकी: आज सकाळी?

वाकुई: आजही.

(निशिगाकीबाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि दाराला ‘थोड्या वेळात येते’ ही पाटी लावून कडी घातली. एकोणतीस वर्षांत ती पाटी त्यांनी दोनदाच लावली होती, आणि दोन्ही वेळा दुकानात मांजर शिरलं होतं. मग चारही वह्या त्यांनी गल्ल्यावर एका ओळीत उघड्या मांडल्या. वाकुईंनी मान फिरवली. चारचौघांत असं काही बघायची त्यांना सवय नव्हती.)

निशिगाकी: नीट ऐका. ते शेवाळ नाही, रक्त आहे. पोटात कुठेतरी झिरपतंय आणि खाली येईपर्यंत काळं पडतंय. गुरुवारी तुम्ही उन्हाने पडला नाहीत. तुम्हाला आत्ता शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. घरी जाऊन सदरा बदलून नव्हे. इथून.

वाकुई: पोट तर दुखत नाही माझं.

निशिगाकी: दुखणार कसं? दुखणं मारायच्या सहा गोळ्या रोज तुम्हीच घालताय आत.

बायको: कुत्र्याचं तोंड बांधलं. मी काय म्हणत होते?

वाकुई: रविवारी अंतिम सामना आहे.

निशिगाकी: असू दे.

वाकुई: अकरा वर्षांनी आलोय अंतिम सामन्यात. मी नसलो तर होशिकावाला कप्तान करतील. तो रेषेवर पाय देऊन मारतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

बायको: तुम्ही गेलात तरी होशिकावाच कप्तान होईल. फरक एवढाच, तेव्हा तो तुमच्या फोटोपुढे उदबत्ती लावून मग रेषेवर पाय देईल.

निशिगाकी: मी तानिमुरांना फोन करते. ही चिठ्ठी अशी मला देता येणार नाही.

वाकुई: करा. पण बाई, एक विनंती. कोमोरियांचं सांगायचं तर सांगा, ते मोठे आहेत. कोकुबोचं नाव नका काढू. तानिमुरांनी सहा वर्षं माझी कंबर जपलीय. त्यांना काय वाटेल?

निशिगाकी: ... हॅलो, तानिमुरा डॉक्टर? समोरून निशिगाकी. वाकुईसानांच्या चिठ्ठीबद्दल. ... वाकुई. ... नाही, ते उंच ते वाकुरा. हे बुटके. तातामीवाले. ... सहा वर्षं येतात, डॉक्टर. ... नाही, नाही, सोबत कुत्रा असतो ते दुसरे. ... हो, आत्ताच येऊन गेले, अर्ध्या तासापूर्वी. ... तर त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, कोमोरियांची. शिवाय तुमचीच गोळी आणखी एकीकडून घेतात. ... हो, तीच. आणि शनिवारपासून काळं होतंय. ... ठीक. गोळी बंद, पट्ट्याही नकोत. पत्र फॅक्सवर पाठवा, मी सोबत देते. हॉस्पिटलला तुम्ही कळवता ना? ... आभारी आहे.

वाकुई: काय म्हणाले? फार लागलं का त्यांना?

निशिगाकी: म्हणाले, लगेच पाठवा.

वाकुई: आणि ते... दुसरीकडचं?

निशिगाकी: कोण, कुठला, विचारलंसुद्धा नाही.

वाकुई: सदरा इस्त्रीचा घालून जायचो मी.

बायको: आणि तुमचे ते कोमोरिया, ज्यांच्यासाठी तुमची कातडी मी सोलते, त्यांना मी गेल्या महिन्यात तानिमुरांच्या रांगेत बसलेलं बघितलंय. कंबर धरून. पट्टीचा वास दारापर्यंत येत होता.

वाकुई: मला सांगितलं नाहीस.

बायको: तुमचा देव्हारा मोडायला जिवावर आलं.

वाकुई: ... रविवारचं होऊ दे. सोमवारी सकाळी जातो, पहिल्या गाडीने. शब्द देतो.

निशिगाकी: वाकुईसान, बेचाळीस वर्षं चटया घातल्यात. एखाद्या घरी नवी चटई घालायला बोलावलं की तुम्ही पहिल्यांदा काय करता?

वाकुई: जुनी उचलतो.

निशिगाकी: ती दुसऱ्या कारागिराने शिवलेली असली तर?

वाकुई: तरी उचलावी लागते. खालची फळी बघायची असते.

निशिगाकी: आणि घरवाला म्हणाला, उचलू नका, त्या कारागिराचा अपमान होईल, वरूनच घाला नवी?

वाकुई: तसल्या घरी मी काम घेत नाही. फळी कुजलेली असली तर एक दिवस माणूस चटईसकट खाली जातो. कासाबांच्या घरात गेला होता. पाहुणा होता बिचारा.

निशिगाकी: तुमच्यावर चौघांनी चार चटया घातल्यात. फळी कोणी बघितली?

वाकुई: रविवारी होशिकावाला एवढं सांगा कोणीतरी, की तिसरी कमान जरा डावीकडे झुकते.

निशिगाकी: सांगते. टॅक्सीला फोन करते. तोवर काही खाऊ नका, पाणीही नको. नळी घालून पोट आतून बघतील. कोमोरियांची गोळी आज घेतलीत ती घेतलीत, पुढची घ्यायची की थांबवायची ते तिथले डॉक्टर त्यांना विचारून ठरवतील. तुम्ही मनाने ठरवायचं नाही. मनाने पुष्कळ ठरवून झालंय. आणि कंबर दुखेल तेव्हा त्यांनाच सांगायचं, कंबर दुखतेय. पोटाला न खरवडणारी औषधंही असतात. ती डबी माझ्याकडे राहू दे.

वाकुई: डबी माझ्या वडिलांची आहे.

निशिगाकी: मग गोळ्या राहू देत, डबी न्या. आणि ही घ्या नवी वही. चारही वह्यांतलं मी हिच्यात उतरवून चिकटवते. यापुढे हीच, सगळीकडे, दातवाल्याकडेसुद्धा. वर नाव घाला.

वाकुई: कोणाचं घालू? मोठ्या हॉस्पिटलचं घातलं तर तानिमुरा...

बायको: ऐका. निष्ठा अजून झिरपतेय.

निशिगाकी: वाकुईसान, या चार वह्यांवर तुम्ही सुंदर अक्षरात चार डॉक्टरांची नावं लिहिलीत. त्या रेघेच्या आधी काय छापलंय ते वाचा.

वाकुई: चष्मा... ‘औषध घेणाऱ्याचं नाव’. ... हे आधीपासूनच छापलेलं असतं?

निशिगाकी: आधीपासून.

वाकुई: मग लिहा. वाकुई मोरिझो.

निशिगाकी: लिहिलं. आणि वहिनी, तुमची वही कोणत्या दुकानात असते?

बायको: मला कशाला वही? मी डॉक्टरांच्या वाटेलाच जात नाही. एक डॉक्टरपूजक घरात आहे तो पुरे.

निशिगाकी: मघा दारातून खुर्चीपर्यंत येताना तुम्ही तीनदा थांबलात.

बायको: गुडघा आहे, दुसरं काय. जुना आहे. आठवड्यातून दोन-तीनदा फार झाला की मी यांच्या डबीतली एखादी घेते. एक गोळी. तेवढ्याने काय होतंय? असं काय बघताय दोघं?

वाकुई: म्हणजे माझी मोजणी चुकत नव्हती.

निशिगाकी: काही खाऊन घेता का, वहिनी?

बायको: भांडी घासताना घेते. खायला तेव्हा कोणाला वेळ असतो?

निशिगाकी: रक्तदाब किती आहे तुमचा?

बायको: कोणी मोजलाय?

निशिगाकी: आज मोजतील. यांना आत नेलं की तुम्हीही नाव नोंदवायचं. मी पत्रावर लिहून देते. आणि यापुढे दुसऱ्याच्या डबीतली गोळी नाही, अर्धीही नाही. थांबा, तुम्हालाही एक वही काढते. नाव काय लिहू? इतकी वर्षं मी वहिनीच म्हणत आलेय.

बायको: लिहा वाकुईंची बायको. सगळे तेच म्हणतात.

वाकुई: सेत्सु. तिचं नाव सेत्सु आहे. जरा ठळक लिहा.

सेत्सु: ... चला आता. टॅक्सी उभी आहे बाहेर.